अक्षरांचे स्थलांतर

१६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. यंत्राला आपली लिपी येत नसली की भाषेला परका वेश चढवावा लागतो, हे गोव्याने चारशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. संगणकावर हेच पुन्हा घडले आणि निमित्त झाले ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचे.

सुरुवात डॉसपासून करू. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये 'जिस्ट' तंत्रज्ञान तयार झाले. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकने लोकांपर्यंत नेले. संगणकात एक कार्ड बसवायचे, की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरे ओबडधोबडच, पण आतली व्यवस्था पक्की होती. 'इस्की' या संकेतप्रणालीत (१९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली) 'क' ला स्वतःचा क्रमांक होता आणि शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जाई. संगणकाला मराठी दिसत होती, तशी कळतही होती!

मग विंडोज ९५ आणि ९८ आले. डीटीपीवाल्यांना सुंदर, वळणदार फाँट मिळाले. पण विंडोजच्या गाभ्यात देवनागरीची सोय नव्हती. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच घरांत मराठी आकार बसवले. संगणक समजे, आपण इंग्रजी लिहितो आहोत. फाँटच्या मुखवट्यामुळे आपल्याला दिसे मराठी. रायतूरचीच गोष्ट, फक्त उलटी. तिथे वेश रोमन होता, इथे पोट रोमन!

शिवाय अक्षरे उच्चाराच्या नव्हे, तर दिसण्याच्या क्रमाने साठवली जात. 'डिचोली' लिहिताना आधी वेलांटी, मग ड. 'पर्वरी' मध्ये आधी प, मग व, नंतर रफार. प्रत्येक कंपनीची घरे वेगळी, त्यामुळे एका फाँटमधला लेख दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की नुसता कचरा. डॉसवरून विंडोजवर येताना मराठी देखणी झाली, पण संगणकाला कळेनाशी झाली.

दुसरे स्थलांतर विंडोज २००० आणि एक्सपी (२००१) यांच्याबरोबर झाले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, तीही इस्कीच्या आधारावर. आता ती थेट विंडोजमध्ये आली, सोबत 'मंगल' फाँट घेऊन. एक्सपीवर मात्र ती आपोआप चालत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी नेमकी त्याच वेळी सापडत नसे, हे अनेकांना आठवत असेल! पण एकदा जमले, की वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाई आणि पडद्यावर मात्र आपल्या जागी दिसे. तोच मजकूर लिनक्सवर उघडा किंवा आजच्या मोबाईलवर, मराठी ती मराठीच.

मग गमावले काय? मधल्या दहा वर्षांत टंकलेले सगळे मागे राहिले. देवस्थानांच्या स्मरणिका, नाटकांच्या संहिता, अभ्यासकांची टिपणे. एका वृद्ध आरतीकाराकडून घुमटावरच्या आरत्या उतरवून घेऊन मी १९९९ साली टंकल्या होत्या. २००४ मध्ये नव्या संगणकावर फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फाँटची फ्लॉपी बिघडलेली, आणि आरतीकार तोवर निवर्तलेले. छापून ठेवलेल्या कागदांवरून निम्म्या आरत्या पुन्हा टंकता आल्या. उरलेल्या गेल्या.

फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक पुढे निघाले. पण ते जोडाक्षरांत अडखळतात, रफार भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवतात. युनिकोडही पहिल्या दिवसापासून परिपूर्ण नव्हते. स्वतंत्र 'ॲ' त्यात २००८ साली आला. तोवर आपण 'अ' वर चंद्र काढून वेळ भागवत होतो. म्हणूनच आज 'ॲ' शोधला, तर त्याआधीचे कित्येक शब्द सापडत नाहीत.

विंडोज ९८ चा आधार २००६ मध्ये संपला, एक्सपीचा २०१४ मध्ये. ज्यांच्या घरी जुन्या फाँटमधल्या फाइली अजून पडून आहेत, त्यांनी फाँटची फाइल शोधून त्यांच्याशेजारी ठेवावी, मजकूर युनिकोडमध्ये न्यावा आणि एकदा डोळ्यांखालून घालावा. कागदावरही एक प्रत काढावी. 'क्रिस्तपुराणा'च्या १६१६ च्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला, तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे.