विश्लेषण : पंधराव्या वर्षी एटीव्ही हवी? गाडी कशी निवडावी, आईवडिलांना काय पटवून द्यावे?

अलिबाग, नागाव, काशीदच्या किनाऱ्यांवर किंवा लोणावळ्याच्या साहसी पार्कमध्ये चार फुगीर चाकांची ती गाडी एकदा चालवली की मुले घरी येऊन तिचाच हट्ट धरतात. शहरातल्या मुलाचा हट्ट पार्किंगच्या प्रश्नाशी थांबतो. पण जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावात मुलाकडे तयार उत्तर असते : ‘आपल्याकडे शेत आहे ना!’ मराठा आरक्षण आंदोलनामुळे २०२३ पासून राज्यभर माहीत झालेल्या या गावाच्या परिसरात ऊस, कापूस आणि मोसंबी आहे, धुळे-सोलापूर महामार्गही जवळ आहे. शेत आणि महामार्ग हे दोन्ही शब्द या विषयात महत्त्वाचे ठरतात.

एटीव्ही म्हणजे नेमके काय?

‘ऑल टेरेन व्हेइकल’ म्हणजे कोणत्याही जमिनीवर चालणारे वाहन. मोटारसायकलसारखे हँडल, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची सीट आणि कमी हवेचे रुंद टायर ही तिची ओळख. होंडाने १९७० मध्ये तीन चाकांची अशी गाडी अमेरिकेत विकायला सुरुवात केली. चार चाकांची गाडी सुझुकीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. तीनचाकी गाड्या उलटून, त्यातही लहान मुले दगावण्याचे प्रमाण इतके वाढले की, १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यानंतर कंपन्यांनी तीनचाकींची विक्री बंद केली. चालकाच्या वयानुसार गाडीचा आकार ठरवण्याची पद्धतही तेव्हाच सुरू झाली.

चार चाके असूनही ती उलटते कशी?

पालकांच्या भीतीला इथे ठोस आधार आहे. एटीव्ही जमिनीपासून उंच, रुंदीला कमी आणि लांबीला आखूड असते. त्यामुळे उतारावर किंवा वळणावर तोल चालकाने अंग झुकवून सांभाळायचा असतो. शरीर हलके असेल तर हा तोल साधत नाही. मागे कोणी बसले तर चालकाला हलायला जागाच उरत नाही आणि चढावर पुढची चाके उचलली जातात.

अनेक गाड्यांमध्ये मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. माती सैल असल्याने तिथे चाक थोडे घसरते आणि गाडी वळते. डांबरावर टायर पकड सोडत नाहीत, गाडी सरळ जाऊ पाहते, नाहीतर कलंडते. म्हणून ‘मातीत धोका, रस्त्यावर सुरक्षित’ हा समज उलटा आहे. मोठ्या माणसांच्या गाडीचे वजन ३०० किलोंहून अधिक असू शकते. ती अंगावर आली तर एकट्या मुलाला बाजूला करता येत नाही.

कायदा काय सांगतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवण्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. अपवाद ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. ती सोळाव्या वर्षापासून चालवता येते आणि शिकाऊ परवान्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. हा अपवाद चारचाकी एटीव्हीला लागू नाही, इंजिन कितीही छोटे असले तरी.

दुसरी अडचण नोंदणीची. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही केवळ रस्त्याबाहेरच्या वापरासाठी असतात. त्यांना आरटीओचा नंबर मिळत नाही. पोलारिस कंपनीने स्पोर्ट्‌समन ५७० ही गाडी ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशा रूपात भारतात आणली, पण ती मोठ्यांची गाडी आहे, किंमत कित्येक लाखांत आहे आणि ट्रॅक्टर चालवायलाही वय १८ लागते.

जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे, ती कायद्याच्या भाषेत सार्वजनिक जागा. गावातला रस्ता, शिवरस्ता, पाणंद हे सारे त्यात येते. म्हणजे घरापासून शेतापर्यंतचे अंतर हीच खरी अडचण आहे. गाडी शेतातच ठेवणे किंवा ट्रॉलीत घालून नेणे एवढेच मार्ग उरतात.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. आपल्याला माहिती नव्हती किंवा पुरेशी काळजी घेतली होती हे पालकाने सिद्ध केले तरच सुटका. हट्टाने गाडी घेऊन देणाऱ्या पालकाला ‘माहिती नव्हती’ असे म्हणता येणार नाही. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती, हे अनेक घरांत अजून आठवणीत आहे.

गाडी निवडताना काय पाहावे?

*वय :* ‘दोन वर्षांत मोठा होईल’ म्हणून मापापेक्षा मोठी गाडी घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. अमेरिकी मानकांमध्ये ६, १० आणि १४ वर्षांपासून पुढे असे गट आहेत आणि गाडीवर तसे लेबल असते. मोठ्यांची एटीव्ही १६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे तिथली ग्राहक सुरक्षा यंत्रणा सांगते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळाच्या आत एटीव्ही नकोच म्हणते.

*माप :* पायऱ्यांवर उभे राहिल्यावर सीट आणि शरीर यांच्यात चार बोटे तरी अंतर हवे. हँडल पूर्ण वळवताना कोपर ताठ होऊ नये आणि ब्रेकपर्यंत बोटे सहज पोहोचावीत.

*लगाम :* वेग मर्यादित करणारा स्क्रू आणि चालक खाली पडताच इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी हवीच. या दोन गोष्टी नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

*टायर :* यात हवा फारच कमी, मोटारसायकलच्या टायरच्या कितीतरी खाली असते. पंपावरच्या नेहमीच्या मीटरवर ती नीट कळत नाही, त्यासाठी कमी दाबाचे वेगळे मापक लागते.

*सुटे भाग :* बेल्ट, ब्रेक पॅड, टायर जालना किंवा छत्रपती संभाजीनगरात मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

शेत म्हणजे मोकळे मैदान नव्हे

मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाऊस पडला की चाकांना चिखलाचे थर चढतात, उन्हाळ्यात भेगा पडतात. बांध आडवा चढताना गाडी कलंडते. कठडा नसलेली विहीर, कालव्याची चारी आणि प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे हे वेगळे धोके. शेततळ्याच्या निसरड्या उतारावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. उंच उसाच्या कडेला समोरून येणारा ट्रॅक्टर दिसत नाही. म्हणून फिरण्याची जागा आधी पायी पाहून ठरवावी आणि खुणा कराव्यात.

आयएसआय हेल्मेट, बूट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट ही किमान तयारी. चप्पल नको, गळ्यात मोकळा गमछा किंवा ओढणी नको.

मग आईवडिलांना काय सांगायचे?

‘सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य कोणत्याच घरात चालत नाही. पालकांच्या हरकती साधारण तीन असतात : जीव, पोलीस आणि पैसा. प्रत्येकीला वेगळे उत्तर द्यावे लागते. जिवासाठी : आधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली भाड्याच्या गाडीवर शिकणे, तेही आईवडील पाहत असताना. पोलिसांसाठी : किल्ली मोठ्यांकडे, गाडी शेताच्या हद्दीबाहेर जाणार नाही, मागे कोणी बसणार नाही, असे कागदावर लिहून देणे. पैशासाठी : गाडी, हेल्मेट, बूट, दुरुस्ती आणि वाहतूक यांचा एकत्र हिशेब. तो मांडल्यावर मुलाचेच मत बदलले तर तोही चांगला निकाल.

नकारच आला तर?

२५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, नियमात बसणारी ई-सायकल घेता येते. तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. विक्रेत्याकडून तसे प्रमाणपत्र मात्र पाहून घ्यावे.

यंत्राचीच ओढ असेल तर ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा माहीत असावी. २००७ पासून देशभरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः एकासनी एटीव्ही बनवून त्यात उतरतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघही त्यात असतात. पंधराव्या वर्षी न मिळालेली एटीव्ही विसाव्या वर्षी स्वतःच्या हाताने बनवण्याची ही वाट आहे, आणि या वाटेला सहसा कोणतीच आई नाही म्हणत नाही.