कल्हई : दोन धातूंच्या सोयरिकीचा इतिहास

देवालयांच्या भांडारांत पूर्वजांनी श्रीचरणी अर्पण केलेली तांब्यापितळेची तपेली व हंडे आढळतात. महाप्रसादाच्या पंक्तींचे अन्न पिढ्यान्‌पिढ्या त्यांतच शिजत आले. तथापि तांब्यास आंबट पदार्थाचा स्पर्श झाला की तो कळकतो व पोटास बाधतो. या दोषावर मनुष्याने योजिलेला उपाय म्हणजे कल्हई होय.

हा उपाय प्राचीन आहे. इ. स. ७९ मध्ये मृत्यू पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याने तांब्यावर कथील चढविण्याची कला गॉल लोकांची म्हणून नोंदविली असून, असे भांडे चांदीपासून ओळखणे कठीण, असे म्हटले आहे. ‘कल्हई’ हा शब्द मात्र कथील या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला व तो मलाया द्वीपकल्पाच्या बाजूच्या ‘कलाह’ या बंदराशी जोडला जातो. त्या प्रदेशाचे कथील विख्यात होते. १५१० मध्ये गोवा व १५११ मध्ये मलाक्का जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्क याने मलाक्का येथे कथिलाचीच नाणी पाडली.

कल्हईकार भांडे तापवून त्यात नवसागर टाकतो. त्याने पृष्ठावरील मळ निघून जातो. मग कथील लावून ते कापसाच्या बोळ्याने सर्वत्र पसरतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. तांबे घनच राहते. तरीही त्याचे अणू कथिलात शिरतात. सीमेवर दोन नवे संयुक्त थर बनतात : तांब्यालगत तीन भाग तांबे व एक भाग कथील, आणि त्यावर सहास पाच अशा प्रमाणाचा. म्हणूनच कल्हई हा केवळ वरचा लेप नव्हे, ती दोन धातूंची सोयरीक आहे.

घन धातूही एकमेकांत शिरतात, हे लंडनच्या टांकसाळीतील रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी १८९६ मध्ये सोने व शिसे यांवर मोजून दाखविले. १९४७ मध्ये कर्केंडॉल यांच्या तांबे-पितळेवरील प्रयोगाने सिद्ध केले की, या देवघेवीत जस्त व तांबे यांची गती सारखी नसते.

कारागिराच्या अनुभवाचे कारण यातून उलगडते. हे करडे व ठिसूळ थर साध्या हवामानातही सावकाश वाढतात, उष्णतेने झपाट्याने. वरचे शुभ्र कथील त्यांत खर्ची पडून चकाकी जाते. रिकामे भांडे चुलीवर ठेवू नये, वाळूने घासू नये, हा वडिलधाऱ्यांचा दंडक म्हणूनच सार्थ होता.

१८८६ मध्ये अॅल्युमिनियम स्वस्त करणारी रीत निघाली, १९१३ मध्ये शेफील्डला न गंजणारे पोलाद आले, आणि पुढे कल्हईवाल्याची हाक विरळ झाली. त्यातच शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते. पण शिसे हे विष आहे. महाप्रसादाची भांडी मोडीत न घालता ती वापरात ठेवावयाची, तर आत तांबूस डाग दिसताच शुद्ध कथिलाची कल्हई करून घेणे हे महाजनांचे कर्तव्य ठरते. दात्यांच्या दानाचे व पंक्तीस बसणाऱ्या भक्तांच्या आरोग्याचे रक्षण त्या एका दक्षतेवर अवलंबून आहे.