हात बधिर, माणूस जागा

सोलापूर म्हटलं की चादरी, टॉवेल आणि यंत्रमाग. आणि जिथे यंत्र आलं, तिथे यंत्रात हात सापडणंही आलं. असा कामगार दवाखान्यात येतो तेव्हा कधी कधी नुकताच जेवलेला असतो. पूर्ण भूल दिली तर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाण्याची भीती. मग नुसता हातच बधिर केला तर? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

हाताच्या सगळ्या नसा मानेतल्या पाच मुळांपासून निघतात, एकमेकींत गुंफतात, कॉलरबोनखालून, पहिल्या बरगडीवरून काखेत उतरतात. म्हणजे वाटेत त्यांना एका ठिकाणी गाठलं की काम झालं. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. लगेच अमेरिकेत हॉलस्टेड यांनी मान उघडून या नसांवर कोकेन लावलं. स्वतःवर प्रयोग करता करता ते त्या औषधाच्या व्यसनात अडकले, हेही विसरू नका.

१९११ साली जर्मनीत दोन वाटा सापडल्या. हिर्शेल यांनी काखेतून सुई घातली, तर कुलेनकाम्फ यांनी कॉलरबोनच्या वरून, तीही आधी स्वतःवर. आता मान चिरायची गरज उरली नाही. पण दुसऱ्या वाटेच्या अगदी खाली फुप्फुस. सुई थोडी चुकली की छातीत हवा शिरायची. पुढची कित्येक दशकं भूलतज्ज्ञ बोटाच्या अंदाजावर आणि रुग्णाच्या ‘हातात मुंग्या आल्या’ या शब्दावर काम करत राहिले.

१९९४ मध्ये व्हिएन्नातच काप्राल आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत बघून ही सुई घातली. गंमत बघा, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा केंद्रीय कायदाही १९९४ चाच. महाराष्ट्राने तर तो १९८८ मध्येच केला होता. त्यामुळे आपल्याकडे नस बघायच्या मशीनलाही नोंदणी लागते. मुली वाचवण्यासाठीचा तो कायदा हवाच, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण कागदपत्रांच्या धास्तीने एखाद्या छोट्या दवाखान्याने मशीनच घेतलं नाही, तर सुई पुन्हा अंदाजावर जाते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: नोंदणी काटेकोर असावी, पण सोपीही असावी. कारण मागावरच्या माणसाचा हात म्हणजे त्याच्या घराची चूल.