हिमाचे दप्तर

आम्हां सह्याद्रीच्या लोकांस कोसळणाऱ्या दरडीची ओळख लहानपणापासून असते. हिमाची दरड मात्र नोकरीनिमित्त उत्तरेस आल्यावरच कळते. श्रीनगर, सिमला वा लेह येथे बदली होऊन आलेल्या आमच्या बांधवांस हिवाळ्यात घाट बंद झाल्याची वर्दी नवी नाही. परंतु ज्या शास्त्राच्या आधारे आज अशा सूचना निघतात, त्याचा इतिहास आमच्यात क्वचितच सांगितला जातो. हे शास्त्र मोठ्या किमतीने मिळाले आहे.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया व इटली यांची सैन्ये आल्प्स पर्वतात समोरासमोर ठाकली होती. मार्मोलादा शिखराखालील एका ऑस्ट्रियन छावणीची जागा शत्रूच्या तोफांपासून सुरक्षित, पण हिमभारित उताराच्या थेट खाली होती. तेथील कप्तानाने छावणी हलविण्याची अनुज्ञा वरिष्ठांकडे मागितली. ती नाकारण्यात आली. १३ डिसेंबर १९१६ रोजी पहाटे तो उतार खाली आला आणि अडीचशेहून अधिक सैनिक गाडले गेले.

संकट दिसत होते. पण ते शब्दांत व आकड्यांत मांडण्याचे साधन त्या कप्तानापाशी नव्हते. ते साधन स्वित्झर्लंडने घडविले. १९३६ साली दाव्होसच्या वरच्या वाइसफ्लुयोख येथे काही संशोधक हिमाच्याच खोलीत बसून हिमाची परीक्षा करू लागले. १९४२ मध्ये तेथे रीतसर संस्था उभी राहिली. डोंगरावरचे हिम हा एकजिनसी ढीग नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. प्रत्येक हिमवृष्टीचा थर निराळा राहतो व हिवाळाभर पालटत जातो. आरंभीचे हिम थोडे पडून वर कडाक्याची थंडी राहिली, की खालच्या उबदार जमिनीकडून वाफ वर चढते आणि तळाचे कण साखरेसारखे सुटे होतात. अशा थरावर वाऱ्याने दाबून बसविलेली हिमाची लादी आली, की एका माणसाचे वजनही ती सुटण्यास पुरे होते. उतारात खड्डा खणला असता हे सारे थर जुन्या दप्तराप्रमाणे ओळीने वाचता येतात.

१९५०-५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी ९८ बळी घेतले. त्यानंतर संरक्षक बांधकामांना वेग आला. १९९३ साली युरोपीय देशांनी धोक्याच्या पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी स्वीकारली.

आपल्याकडे गुलमर्ग येथे १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने तेथे सैन्याची स्की शाळा सुरू झाली. हिमस्खलनांच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनाली येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली; २०२० मध्ये ती संरक्षण संशोधनाच्या नव्या संस्थेत विलीन झाली. २००५ साली अफरवटच्या माथ्याजवळ पोहोचणारा रोपवे झाला आणि जो उतार गाठण्यास पूर्वी तासन्‌तास चढावे लागे, तो काही मिनिटांवर आला. चढताना पायांखालच्या हिमाची जी पारख आपोआप होई, ती मात्र त्याबरोबर हरपली. चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत हिम बेताचेच पडले, तर पुढे फेब्रुवारीत पडणारे जड हिम दुबळ्या पायावर बसते. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे १७ सैनिक गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्ग परिसरात एक रशियन स्कीपटू मृत्यू पावला.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. स्वित्झर्लंडच्या अनुभवानुसार जवळजवळ निम्मे मृत्यू पाचांपैकी तिसऱ्या पायरीच्या दिवशी घडतात. चौथी पायरी जाहीर झाली, की माणसे घरी थांबतात. तिसरी म्हणजे मधली, म्हणून सुसह्य, असा त्यांचा समज होतो. शिवाय, ज्यात स्कीपटू सापडतात ती बहुतेक स्खलने त्यांच्या वा सोबत्यांच्याच वजनाने सुटतात. गाडला गेलेला मनुष्य दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो; अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. म्हणून गावाहून येणारी मदत नव्हे, तर सोबत्याच्या हातातील फावडे आणि अंगावरील संदेशयंत्र हाच खरा आधार.

आम्ही बहुतेक जण कागदांचे धनी. हाताखालच्या माणसाने पाठविलेला अर्ज मंजूर करावा की फेटाळावा, हे आमच्या लेखणीवर असते. मार्मोलादाच्या कप्तानाकडे थरांचा नकाशा नव्हता, तरी त्याचे म्हणणे खरे होते. आज तो नकाशा काढता येतो. तेव्हा उतार बंद ठेवण्याची शिफारस टेबलावर आली, तर ती नाकारण्यापूर्वी आम्ही ती निदान दुसऱ्यांदा वाचावी.