घरपट्टीसाठी तुरुंगात गेलेले नगरसेवक

घरपट्टीचं बिल दारात पडलं की आपल्याला नगरपालिकेची आठवण होते. एरवी नळाला पाणी आलं, कचरा उचलला गेला, दिवे लागले की तिच्याकडे आपण पाहतही नाही. निवडणूक आली की चार दिवस गल्लीत जीप फिरते, मग पुन्हा सामसूम. इतिहासाच्या पुस्तकांतही लोकसभा आणि पार्लमेंट यांना मानाचं पान, नगरपालिकेला तळटीप. आज मी ज्या निवडणुकीविषयी बोलणार आहे ती अशीच एका बरो कौन्सिलची, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेची निवडणूक आहे. ती झाली लंडनच्या पूर्वेला, पॉप्लर नावाच्या भागात, नोव्हेंबर १९१९मध्ये. या निवडणुकीत निवडून आलेल्यांपैकी तीसजण दोन वर्षांच्या आत तुरुंगात गेले. पण चोरीच्या किंवा लाचेच्या आरोपाखाली नव्हे. आपल्या गरीब मतदारांवर आणखी घरपट्टी बसवायला त्यांनी नकार दिला, म्हणून.

पॉप्लर म्हणजे गोदीकामगारांची वस्ती. टेम्सच्या काठावर जहाजं लागायची. रोज सकाळी गोदीच्या फाटकाशी माणसांची गर्दी व्हायची आणि मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसापुरतं काम मिळायचं. बाकीचे रिकाम्या हातांनी घरी. सुमारे एक लाख साठ हजारांची ही वस्ती, दाटीवाटीची, ओलसर घरांची. या भागाचा कारभार मात्र कामगारांच्या हाती कधीच नव्हता.

१९१८च्या कायद्यानं एक मोठा बदल केला. पार्लमेंटच्या निवडणुकीत एकवीस वर्षांवरच्या जवळजवळ सर्व पुरुषांना आणि तीस वर्षांवरच्या अनेक स्त्रियांना मत मिळालं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच कायद्यातलं दुसरं एक कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. तोवर ज्या माणसानं सरकारी गरीब-मदत घेतली त्याचं नाव मतदारयादीतून जायचं. भाकरीसाठी हात पसरला की मताचा हक्क गेला! १९१८मध्ये ही अट निघाली. स्थानिक निवडणुकांतही मतदारांची संख्या वाढली, घरमालकांच्या आणि भाडेकरूंच्या बायकांनाही मत मिळालं. म्हणून १९१९मध्ये पॉप्लरचा मतदार पहिल्यांदा खरोखर पॉप्लरसारखा दिसू लागला. निकाल लागला तेव्हा ४२ पैकी ३९ जागा मजूर पक्षाला मिळाल्या होत्या. गोदीकामगार, रेल्वेकामगार, शिक्षिका, गृहिणी असे लोक सभागृहात आले. जॉर्ज लॅन्सबरी हा त्यांचा नेता. तोच तिथला मजूर पक्षाचा पहिला महापौर झाला.

या कौन्सिलनं काम सुरू केलं. घरं बांधायला घेतली, आरोग्याकडे लक्ष दिलं. आणि १९२० साली एक असं पाऊल टाकलं की त्याचा गाजावाजा पुढे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेला. आपल्या कामगारांना आठवड्याला किमान चार पौंड पगार त्यांनी ठरवला. पुरुषाला चार, तर बाईलाही चार.

पण पैसा आणायचा कुठून? इथे त्या काळची लंडनची कररचना समजून घ्यावी लागते. लंडनमध्ये अठ्ठावीस बरो होते. प्रत्येकानं आपल्या हद्दीतल्या मालमत्तेच्या भाडेमूल्यावर घरपट्टी बसवायची आणि आपल्या हद्दीतल्या गरिबांना पोसायचं. ऐकायला सरळ वाटतं. आता वेस्टमिन्स्टरचा विचार करा. तिथे दुकानं, बँका, सरदारांच्या हवेल्या, आणि गरीब मोजके. पॉप्लरमध्ये उलट. पौंडामागे एक पेनी घरपट्टी लावली तर वेस्टमिन्स्टरमध्ये जो पैसा जमायचा तो पॉप्लरच्या सुमारे नऊपट असायचा. म्हणजे जिथे गरज जास्त तिथे झोळी रिकामी. लंडनच्या श्रीमंतीला गोदीकामगाराची पाठ लागायची, पण त्याला काम नसलं की त्याला जगवायचं ते त्याच्या तितक्याच गरीब शेजाऱ्यानं.

शिवाय प्रत्येक बरोनं घरपट्टीतून लंडन कौंटी कौन्सिल, पोलीस, रुग्णालयं चालवणारं मंडळ आणि पाणीपुरवठा मंडळ यांचा हिस्सा भरायचा असे. १९२१ साली बेकारीची लाट आली. इंग्लंडमधल्या बेकारांचा आकडा वीस लाखांच्या वर गेला. पॉप्लरची गोदी ओस पडली. मदत द्यायची तर घरपट्टी वाढवायची, आणि ती वाढवायची तर भाडं वाढणार, म्हणजे बेकाराच्याच खिशात हात घालायचा. मार्च १९२१मध्ये कौन्सिलनं ठराव केला: आपल्या कामापुरती आणि गरिबांच्या मदतीपुरती घरपट्टी आम्ही वसूल करू. लंडनच्या मोठ्या संस्थांचा हिस्सा वसूल करणार नाही. मागणी एकच, गरिबांचा बोजा साऱ्या लंडननं वाटून घ्यावा.

कौंटी कौन्सिल आणि रुग्णालय मंडळ कोर्टात गेले. २९ जुलै १९२१ रोजी पॉप्लरचे नगरसेवक हायकोर्टाकडे पायी निघाले. पुढे राजदंड घेतलेला चोपदार, मागे पदाची साखळी गळ्यात घातलेले महापौर सॅम मार्च, त्यांच्यामागे नगरसेवक आणि सुमारे दोन हजार माणसं. पॉप्लर कौन्सिल हायकोर्टाकडे आणि कदाचित तुरुंगाकडे निघालं आहे, असं फलकावर लिहिलेलं. मला या मिरवणुकीत चोपदार फार बोलका वाटतो. कायदा मोडायला निघालेली ही माणसं आपल्या पदाची सगळी अब्रू सोबत घेऊन निघाली होती.

कोर्टानं हुकूम दिला, त्यांनी मानला नाही, आणि सप्टेंबरमध्ये अटका झाल्या. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच स्त्रिया हॉलोवेच्या. मुदत ठरलेली नव्हती, हुकूम मानेपर्यंत आत. त्या पाचजणींपैकी नेली क्रेसॉल गरोदर होत्या; त्यांना आधी सोडण्यात आलं. मिनी लॅन्सबरी ही जॉर्जची सून, पेशानं शिक्षिका. तुरुंगाबाहेर लोक जमत आणि जॉर्ज लॅन्सबरी कोठडीच्या खिडकीतून त्यांच्याशी बोले. पुढे तर ब्रिक्स्टनच्या तुरुंगातच कौन्सिलच्या सभा भरू लागल्या आणि स्त्री सदस्यांना हॉलोवेहून तिथे आणण्यात येऊ लागलं. बाहेर बेथनल ग्रीन आणि स्टेपनी या शेजारच्या कौन्सिलांनीही हाच मार्ग धरायचं ठरवलं. सरकारला कळून चुकलं की तुरुंग पुरणार नाहीत. सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला, कोर्टानं वाटाघाटींसाठी सर्वांना सोडलं. त्यांनी माफी मागितली नव्हती, हुकूमही मानला नव्हता. नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटनं कायदा केला आणि लंडनमधल्या गरीब-मदतीचा मोठा भार सर्व बरोंच्या सामाईक निधीवर टाकला.

ही जिंकलेल्या लढाईची गोष्ट म्हणून इथेच थांबवता येईल. पण ते प्रामाणिकपणाचं होणार नाही. तुरुंगातून बाहेर आलेली मिनी लॅन्सबरी फ्लू आणि न्यूमोनियानं १ जानेवारी १९२२ रोजी वारली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. बो रोडवरच्या एका इमारतीवर तिच्या स्मरणार्थ घड्याळ आहे. चार पौंडांच्या पगाराचं प्रकरणही संपलं नाही. सरकारी ऑडिटरनं आक्षेप घेतला, आणि १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की इतका पगार बेकायदा आहे. बाईला पुरुषाइतका पगार देणं न्यायमूर्तींना विशेष खटकलं. आज कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अभ्यासतात तेव्हा त्यांना त्यातली गंमत आणि खंत दोन्ही जाणवत असतील.

विरोध फक्त श्रीमंतांचा नव्हता. हॅकनीचे मजूर पक्षाचेच महापौर हर्बर्ट मॉरिसन यांना हा मार्ग मान्य नव्हता. आपणच कायदा मोडला तर उद्या आपलं सरकार आल्यावर आपला कायदा कोण मानेल, हा त्यांचा सवाल होता. मला तो सवाल हलका वाटत नाही. कर न भरण्याचं समर्थन धनदांडगेही करू शकतात. माझ्या मते फरक इतकाच, की पॉप्लरच्या लोकांनी पैसा खिशात घातला नाही, कायदा लपून मोडला नाही, आणि शिक्षा टाळली नाही.

योगायोग पाहा. त्याच १९२१ साली त्याच लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. त्या वर्षी एम.एस्सी.साठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश भारतातल्या साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेचं प्रांतिक विकेंद्रीकरण. साध्या शब्दांत, वरच्या सत्तेनं पैसा किती घ्यायचा आणि खालच्या सत्तेला किती ठेवायचा. पॉप्लरच्या रस्त्यावरही भांडण त्याच हिशेबाचं चाललं होतं. आणि दहा वर्षांनी, १९३१मध्ये, गोलमेज परिषदेला आलेल्या गांधीजींनी हॉटेल नाकारून मुक्काम केला तो याच बरोमधल्या किंग्स्ले हॉलमध्ये. ती संस्था चालवणाऱ्या म्युरिएल लेस्टर स्वतः पॉप्लर कौन्सिलवर राहिलेल्या. कायदा उघडपणे मोडून तुरुंगात जाणारा माणूस त्या गल्ल्यांना परका वाटण्याचं कारणच नव्हतं.

पॉप्लर बरो १९६५ साली टॉवर हॅम्लेट्समध्ये विलीन झाला. ते कौन्सिल आता नाही. पण पुढच्या वेळी घरपट्टीचं बिल हातात आलं की मला एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तुम्हीही विचारा. रक्कम किती हे तर आपण पाहतोच. ती कुणाकडून किती घेतली जाते, आणि कुणासाठी खर्च होते? आपल्या प्रभागातून निवडून गेलेल्या माणसाला हे नेमकं विचारता आलं, तर गल्लीतली ती चार दिवसांची जीप फुकट फिरली नाही असं म्हणता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)