मारुतीचं इंजिन विमानाला बसेल का?

(बोललेल्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे’ जमतील तेवढे काढलेत. मागून येणारे हॉर्न लिहिता येत नाहीत, ते तुम्ही धरून चाला.)

चंदनसारहून, म्हणजे आपल्या विरार पूर्वेहून, पुन्हा एकदा.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. वसई पूर्वेला त्याच्या काकांचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. लेथ आहे, वेल्डिंग आहे, ॲल्युमिनियमचं काम येतं. दोन सीटचं विमान किट आणून जोडायचं त्याच्या डोक्यात आहे. प्रश्न एकच: ‘दादा, विमानाचं इंजिन फार महाग आहे. मारुती ८००चं भंगारात स्वस्तात मिळतं. बसेल का?’

मी पटकन ‘नाही’ असं टाइप केलं आणि खोडलं. कारण हा प्रश्न चुकीचा नाही. घरी विमान बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं तो विचारलाय. १९०३ साली राइट बंधूंनी नेमका हाच विचारला होता, म्हणून सुरुवात तिथून करतो.

राइट बंधूंकडे ग्लायडर तयार होतं, पंखांचं गणित जमलं होतं, फक्त इंजिन नव्हतं. त्यांचा हिशोब सांगत होता की साधारण आठ हॉर्सपॉवर हवेत आणि वजन नव्वद किलोच्या आत. त्यांनी इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रं पाठवली. कुणी त्यांना हवं तसं इंजिन द्यायला तयार झालं नाही. मग त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर यानं साधारण सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन उभं केलं. क्रँककेस ॲल्युमिनियमची, गावातच ओतलेली. फेब्रुवारीतल्या चाचणीत बेअरिंग जाम झालं आणि क्रँककेसच फुटली. नवी ओतून घ्यावी लागली. इंजिन सुरू झालं की पहिले काही क्षण सोळा हॉर्सपॉवर द्यायचं आणि गरम झालं की बारावर यायचं. म्हणजे कामचलाऊच. पण त्यांना आठ पुरणार होते.

त्याच वर्षी सॅम्युअल लँगली नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाकडे सरकारी पैसा होता आणि ५२ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. चार्ल्स मॅनली या त्याच्या सहकाऱ्यानं घडवलेलं ते इंजिन त्या काळातलं जगातल्या सर्वोत्तम इंजिनांपैकी एक होतं. ते विमान ऑक्टोबरात एकदा आणि ८ डिसेंबरला दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत पडलं. नऊ दिवसांनी राइट उडाले, त्या बारा हॉर्सपॉवरवर. लँगलीच्या विमानाचा सांगाडा आणि त्याला हवेत फेकणारी यंत्रणा या दोन्ही गोष्टी त्या इंजिनाच्या लायकीच्या नव्हत्या.

राइट बंधूंची एक गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. त्यांनी प्रोपेलर थेट इंजिनाला जोडलाच नव्हता. मध्ये सायकलसारख्या साखळ्या होत्या, आणि इंजिनापेक्षा प्रोपेलर बराच हळू फिरायचा. मारुतीचं उत्तर या साखळीत आहे, थोड्या वेळानं परत येतो.

मराठी माणूस विमानाचा विषय काढतो आणि तळपदे येत नाहीत असं होत नाही. १८९५, गिरगाव चौपाटी, शिवकर बापूजी तळपदे, ‘मरुत्सखा’. मला त्या माणसाच्या जिद्दीबद्दल आदर आहे. पण इंजिनिअर म्हणून मी एकच विचारतो: इंजिन कुठलं? पाऱ्यावर चालायचं, असं सांगतात. वजन किती, ताकद किती, आराखडा कुठाय? विश्वास ठेवावा अशी एकही नोंद हाती येत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला देतात त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हे बंगळुरूच्या आयआयएस्सीतल्या अभ्यासकांनी १९७४ साली आकडेमोड करून दाखवलं. यावर मेसेज येणार, माहितीये. येऊ देत.

मला राग याचा येतो की या गोष्टीच्या गर्दीत आपण खरा मराठी विमानकर्ता विसरलो. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, म्हणजे वायुगतिशास्त्राच्या पंढरीतच. मग बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये, त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान डिझाइन केलं. ५ ऑगस्ट १९५१ला ते पहिल्यांदा उडालं. हे घरच्या गाळ्यातलं काम नव्हे, सरकारी कारखान्यातलं. पण इंजिनाचा प्रश्न तोच होता, कारण देशात विमानाचं इंजिन बनत नव्हतं. बाहेरून जे मिळेल त्याभोवती विमान बांधायचं.

पहिल्या एचटी-२ला ब्रिटिश जिप्सी मेजर बसवलं होतं, १४५ हॉर्सपॉवरचं. पुढे उत्पादनात आलं सिरस मेजर, १५५चं. हा बदल फार जड गेला नसावा असं मला वाटतं, कारण दोन्ही एकाच घाटाची. चार सिलिंडर एका ओळीत, उलटे खाली लटकलेले. नाक अरुंद, वजन साधारण त्याच जागी. नंतरच्या काळात हवाई दलाच्या एचटी-२ला अमेरिकन लायकमिंग बसवलं गेलं. त्याचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, म्हणजे नाकाचा आकारच वेगळा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला डिपेंडन्सी बदलणं म्हणतात. एक ओळ बदलतो आणि चाळीस फायली लाल होतात.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर एचएएलचं लढाऊ विमान मरुत. कुर्ट टँक या जर्मन डिझायनरनं ते एका ताकदवान ब्रिटिश जेट इंजिनासाठी आखलं. त्या इंजिनाचा विकासच ब्रिटननं थांबवला. मग कमी ताकदीच्या ऑर्फियस ७०३वर काम भागवावं लागलं, आणि आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्वप्न कागदावर राहिलं. (मरुत्सखा, मरुत आणि आता मारुती. आपल्याकडे विमानाचा विषय वाऱ्याच्या देवाला सोडून जातच नाही.)

आता घरी बांधणाऱ्यांकडे येऊ. गाडीचं इंजिन विमानात कुणी यशस्वी केलंय का? हो, आणि लवकर केलंय. अमेरिकेत मिनेसोटामधल्या एका खेड्यात बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९ साली फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन लाकडी-कापडी विमानाला बसवलं. एअर कँपर नाव. आजही लोक ते विमान बांधतात. ते जमलं कारण ते जुनं फोर्ड इंजिन शंभर किलोंच्या वर जड असलं तरी हळू फिरायचं, मिनिटाला दोन हजारांच्या आत. प्रोपेलर थेट बोल्ट करता आला.

इथे ती सायकलची साखळी परत आली बघा. प्रोपेलरला वेगाची मर्यादा असते. समजा प्रोपेलर १.८ मीटर व्यासाचा आहे. २७०० आरपीएमला त्याचं टोक सेकंदाला साधारण २५५ मीटर पळतं. आवाजाचा वेग ३४०च्या आसपास, म्हणजे ठीक. हाच प्रोपेलर ५५०० आरपीएमला फिरवला तर टोक ५१८वर जातं. आवाजाच्या कितीतरी पुढे. सगळी ताकद गोंगाट करण्यात जाणार आणि पाती तुटायची ती वेगळीच. मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, जेमतेम सदतीस हॉर्सपॉवर, आणि ती सदतीससुद्धा चढ्या आरपीएमलाच मिळतात. म्हणून मध्ये गिअर किंवा बेल्ट हवा. तो आला की नवं दुखणं सुरू. पिस्टन धक्क्याधक्क्यानं ताकद देतो, प्रोपेलरला जडपणा असतो, आणि मधला शाफ्ट पिळला जातो, सुटतो, परत पिळला जातो. गाडीत क्लच आणि टायर हे पोटात घेतात. विमानात ते कोण घेणार?

दुसरं म्हणजे गाडी हायवेवर शंभरनं जाते तेव्हा इंजिन ताकदीचा छोटा हिस्सा वापरतं. विमान तासन्‌तास पाऊणपट ताकदीवर चालतं. विरार फाट्याहून मनोरपर्यंत पूर्ण चढ आहे आणि तुम्ही ॲक्सिलरेटर सोडतच नाही, अशी कल्पना करा. रेडिएटर, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट यांची परीक्षा तिथे होते. शिवाय जुन्या गाडीत इग्निशन एकच. विमानाच्या लायकमिंगमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन वेगळे मॅग्नेटो, बॅटरी मेली तरी चालणारे. १९५०च्या दशकातलं डिझाइन आहे, दिसायला ट्रॅक्टरसारखं. मीही आधी हसलो होतो. मग दोन मॅग्नेटोंचं कारण कळलं आणि हसू गेलं.

बर्ट रुटान यांना हे आपल्यापेक्षा बरंच जास्त कळत होतं. १९७५ साली त्यांनी व्हॅरीईझ हे छोटं विमान फोक्सवॅगन गाडीच्या इंजिनावर उडवलं. विक्रम करायला गेले तर पहिल्या प्रयत्नात इंजिननं दगा दिला. दुरुस्त करून विक्रम केलाच. पण लोकांना बांधायला आराखडे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी विमान थोडं मोठं करून काँटिनेंटल ओ-२०० हे विमानाचंच इंजिन धरलं. स्वतःसाठी एक धोका आणि दुसऱ्याच्या हाती द्यायला दुसरं इंजिन. मला तो निर्णय फार आवडतो.

आता एक जड गोष्ट. ऑगस्ट २०२१. यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा चोवीस वर्षांचा मुलगा. व्हिडिओ बघून, साधारण दोन वर्षं खपून त्यानं हेलिकॉप्टर बनवलं. इंजिन मारुती ८००चं. रात्री जमिनीवरच चाचणी चालू होती. बातम्यांनुसार मागचा पंखा तुटला, मुख्य पंख्यावर आदळला, आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. तो गेला.

हे सांगताना लोक म्हणतात, ‘गाडीचं इंजिन लावल्यावर दुसरं काय होणार.’ असं बोलू नका. इंजिन बंद पडलं नव्हतं, ते चालू होतं. तुटलं ते इंजिनाच्या पुढचं काहीतरी. त्या मुलाकडे हात होते, डोकं होतं, चिकाटी होती. शेजारी उभं राहून ‘थांब, आधी हे बांधून ठेव, तू बाजूला हो’ म्हणणारा एक अनुभवी माणूस नव्हता. अमेरिकेत तो माणूस घरबांधणी विमानांच्या क्लबात भेटतो. फुलसावंगीत कुठून भेटणार?

दुसरं टोक आपल्या लोकललाइनवर आहे. कांदिवलीचं चारकोप. कॅप्टन अमोल यादव, जेट एअरवेजचे पायलट, यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि परदेशातून आणलेलं १८० किलोचं इंजिन, सगळं अरुंद जिन्यानं वर चढवलं. एकदा डोळ्यांसमोर आणा. आपण सोफा वळवताना दुसऱ्या मजल्यावर भिंतीचा रंग काढतो. त्यांच्याकडे स्वतः पायलट असण्याचा अनुभव होता आणि त्यांनी इंजिनावर कसर केली नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये क्रेननं विमान खाली उतरवून बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहाला नेलं. नोव्हेंबर २०१७ला नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी. २०१८च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं त्यांच्या कंपनीशी ३५ हजार कोटींचा करार केला, आणि कारखान्यासाठी जिल्हा होता आपला पालघर. मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या ग्रुपवर दिवसभर तेच. उड्डाणाची परवानगी २०१९मध्ये आली आणि ऑगस्ट २०२०मध्ये ते धुळ्याला उडालं. विमान बांधण्यापेक्षा कागद बांधायला कमी वेळ लागला असं काही म्हणता येणार नाही.

तर, मित्रा, तुझं उत्तर.

दोन सीटच्या किटला आज बहुतेक लोक रोटॅक्स ९१२ लावतात. ऑस्ट्रियाचं, १.२ लिटर, साधारण साठ किलो, ऐंशी हॉर्सपॉवर. तेही ५८००नं फिरतं, पण गिअरबॉक्स कारखान्यातूनच येतो. पिळणाऱ्या शाफ्टचं दुखणं त्यांनी पैसे आणि वर्षं घालून सोडवलंय, ते तू गाळ्यात सोडवायला जाऊ नकोस. आपल्याच एनएएलनं हंसा-३ला याच घराण्यातलं रोटॅक्स ९१४ लावलं.

पण इथे एक देशी अडचण आहे, ती परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. रोटॅक्सची मोठी सोय म्हणजे ते पंपावरच्या पेट्रोलवर चालतं. कंपनीची परवानगी मात्र दहा टक्के इथेनॉलपर्यंतच. आपल्या पंपावर आता वीस टक्केवालं. इथेनॉल पाणी ओढतं, रबरी नळ्यांना त्रास देतं, आणि उन्हात इंधनाची वाफ होऊन पुरवठा तुटायची भीती वाढवतं. मग उरतं विमानाचं एव्हगॅस. ते २०२२च्या सप्टेंबरपर्यंत आपण बाहेरूनच आणायचो. तेव्हापासून इंडियन ऑइल बडोद्याजवळच्या रिफायनरीत बनवतं. तेव्हा इंजिनाची किंमत विचारण्याआधी, तू जिथून उडणार आहेस तिथे टाकी कशानं भरणार, हे विचार. त्यानंतर किट बनवणाऱ्याला विचार की विमान कुठल्या इंजिनासाठी आखलंय, आणि त्याच्या वजनापासून पाच किलोसुद्धा लांब जाऊ नकोस. नाक हलकं झालं तरी वाईट, जड झालं तरी वाईट.

आणि मारुतीचं इंजिन घेच. खरंच सांगतोय. गाळ्यात स्टँडवर जमिनीला पक्कं बांध, प्रोपेलर न लावता चालव, उघड, परत जोड, तापमान लिहून ठेव. शिकायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. काकांना शेजारी उभं कर.

आणि हो, तो गाळा तळमजल्यावर आहे ना, तेवढं कळव.