डबा संपवण्याची सक्ती : सवय, शास्त्र आणि कायदा

मधल्या सुट्टीत मुलाने डब्यातील किंवा ताटातील सर्व अन्न संपवलेच पाहिजे, असा आग्रह अनेक शाळांत शिक्षक व मदतनीस धरतात. या आग्रहाची रूपे निरनिराळी असतात. डबा रिकामा झाल्याशिवाय खेळायला न सोडणे, वर्गासमोर नाव घेऊन लाजवणे, इतर मुलांशी तुलना करणे, घरी सांगण्याचा धाक घालणे आणि टोकाला जाऊन घास तोंडात कोंबणे, ही त्यांपैकी काही. बालवाडी आणि प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गांतील मुलांना याची झळ अधिक बसते. पोट भरल्याचे त्यांना कळते. मोठ्यांना ते पटवून देता येत नाही.

आग्रहामागील भावना

बहुतेक वेळा हा आग्रह दुष्टपणाचा नसतो. पानात अन्न टाकू नये, हा संस्कार मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. डबा भरून परत आला की पालक शाळेकडे विचारणा करतात आणि रिकामा डबा ही शिक्षिकेने घेतलेल्या काळजीची पावती ठरते. काही मुलांसाठी शाळेतील आहार हेच दिवसाचे मुख्य जेवण असते; ते टाकले जाताना पाहून शिक्षकाचा जीव तुटणे स्वाभाविक आहे.

इतिहास

'ताट स्वच्छ करा' या शिकवणुकीला सरकारी मोहिमेचे रूप अमेरिकेत आले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हर्बर्ट हूवर यांच्या नेतृत्वाखालील अन्न प्रशासनाने धान्य वाचवण्यासाठी नागरिकांना व शाळकरी मुलांना अन्न वाया न घालवण्याचे आवाहन केले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, युरोपातील टंचाईच्या काळात ही मोहीम शाळांतून पुन्हा राबवली गेली. टंचाई सरली, सवय मात्र राहिली.

जपानमध्ये शालेय भोजनाचा कायदा १९५४ साली झाला. तेथे शिक्षक मुलांबरोबर वर्गातच जेवतात आणि भोजन हा शिक्षणाचा भाग मानला जातो. ही पद्धत जगभर वाखाणली जाते. मात्र ताट पूर्ण संपवून घेण्याच्या आग्रहावर तेथेही टीका होत आली आहे. गिफू शहरातील एका प्राथमिक शाळेत अशा आग्रहामुळे काही मुलांना उलट्या झाल्याचे २०१७ साली उघड झाले, तेव्हा हा विषय देशभर चर्चेत आला.

शास्त्र काय सांगते

लहान मुलाची भूक रोज सारखी नसते. वाढीचा वेग, खेळ, उकाडा, झोप, सर्दी, हलणारा दात, अशा अनेक कारणांनी ती कमीजास्त होते. शरीर देत असलेल्या तृप्तीच्या खुणेकडे वारंवार दुर्लक्ष करायला लावले, तर ती खूण ओळखण्याची सवय मोडू शकते.

अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना सूप संपवण्याचा वारंवार आग्रह करण्यात आला. आग्रह नसताना मुलांनी अधिक सूप घेतले. आग्रह झालेल्या सूपबद्दल नापसंतीचे उद्गार अधिक निघाले. बालपणी बळजबरीने खाऊ घातलेल्या पदार्थांविषयी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले असता, बहुसंख्यांनी ते पदार्थ आजही आपण होऊन खाणार नसल्याचे सांगितले, असे २००२ सालच्या एका अभ्यासात आढळले. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घास भरल्यास तो श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात मांडलेले सूत्र आज प्रमाण मानले जाते. काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने.

भारतातील नियम

पूर्वीची मध्यान्ह भोजन योजना २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने ओळखली जाते. प्राथमिक स्तरावर ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक स्तरावर ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळतील असा आहार देणे त्यात बंधनकारक आहे. हे बंधन देणाऱ्यावर आहे. तो मुलाचा हक्क आहे, मुलाने गाठायचे उद्दिष्ट नव्हे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करण्यास मनाई असून, उल्लंघन करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. गोव्यात याशिवाय गोवा बाल कायदा, २००३ लागू असून त्यानेही शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे. जेवण न संपवल्याबद्दल मारणे या मनाईतून सुटत नाही. वर्गासमोर अपमान करणे हाही मानसिक छळ ठरू शकतो.

शाळा व पालकांनी काय करावे

प्रथम थोडे वाढावे आणि मागितल्यास पुन्हा द्यावे. अन्नाची नासाडी टाळण्याचा हा सर्वांत साधा मार्ग आहे. नवा पदार्थ चाखण्यास सुचवावे, पण नकार मान्य करावा. हात धुऊन शांतपणे जेवता येईल इतका वेळ द्यावा. उरलेला डबा तसाच घरी पाठवावा, म्हणजे मुलाने किती खाल्ले हे पालकांना कळते. पालकांनीही डबा मुलाच्या भुकेच्या मापाने भरावा.

मूल अनेक दिवस जेवत नसेल, वजन घटत असेल, घास गिळताना त्रास होत असेल किंवा जेवणाच्या वेळी घाबरत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशा मुलाच्या बाबतीत न संपलेला डबा ही वेळीच मिळालेली सूचना असते. धाकाने तो रिकामा करून घेतला, तर ती सूचना पालकांपर्यंत पोहोचतच नाही.